जेवण आठला, तर ओव्हन किती वाजता?

ख्रिसमसच्या जेवणाविषयी आलेल्या प्रश्नांत पाककृती मागणारे थोडे आहेत, वेळेच्या गणितात अडकलेले जास्त. ते साहजिकच आहे. या जेवणातला एकेक पदार्थ सुटा घेतला तर अवघड नाही. अवघड आहे ते सगळं गरम गरम एकाच वेळी टेबलावर येणं, तेही एका ओव्हनमधून. म्हणून उत्तरांत मापं आणि वेळा शक्य तितक्या नेमक्या दिल्या आहेत. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली. तापमानं साध्या ओव्हनची, सेल्सिअसमध्ये आहेत. तुमच्या ओव्हनमध्ये पंखा असेल तर २० अंश कमी ठेवा.

प्रश्न : आम्ही दहा जण आहोत. पूर्ण जेवण पहिल्यांदाच घरी करतोय. टर्कीच आणावी का? बाकी काय आणि किती?

पहिलीच वेळ असेल तर टर्की नको, दोन कोंबड्या आणा, प्रत्येकी साधारण २ किलोची. कारणं साधी आहेत. दहा जणांना पुरेल अशी टर्की ५ ते साडेपाच किलोची लागते. ती फ्रीजचा अर्धा कप्पा अडवते, ओव्हनमध्ये ३ तास बसते, आणि तेवढ्या वेळात छातीचं मांस सुकून जाण्याची शक्यता कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त असते. दोन कोंबड्यांचं काम दोन तासांत होतं, आणि तंगड्या दोनाऐवजी चार मिळतात. घरात मुलं असतील तर या चारचं मोल वेगळं सांगायला नको. टर्कीच हवी असेल तर हाडांसकट माणशी ५०० ते ५५० ग्रॅम धरा.

बाकी मापं कच्च्या वजनाची : बटाटे माणशी २०० ते २५० ग्रॅम, दोन भाज्या मिळून माणशी २०० ग्रॅम, स्टफिंग (पक्ष्याच्या पोटात भरायचं ब्रेडचं मिश्रण) माणशी ७५ ते १०० ग्रॅम, ग्रेव्ही माणशी १०० मिली म्हणजे एकूण एक लिटर. आंबटगोड सॉस ३५० ग्रॅम सगळ्यांना मिळून. ग्रेव्हीत मात्र हात आखडता घेऊ नका. मांस थोडं कोरडं झालं, बटाटे थोडे गार झाले, तरी गरम ग्रेव्ही सगळं सावरून घेते.

पदार्थांची संख्या वाढवायचा मोह होतो, तो इथेच आवरा. एक रोस्ट, बटाटे, दोन भाज्या, स्टफिंग, ग्रेव्ही, सॉस आणि एक गोड. एवढंच नीट झालं तर ताट भरतं. तिसरी भाजी आणि दुसरं गोड यासाठी लागणारी शेगडी तुमच्याकडे त्या अर्ध्या तासात मोकळी नसते.

प्रश्न : ओव्हन एकच, शेगड्या चार. जेवण रात्री आठला. किती वाजता काय सुरू करायचं?

आठपासून मागे मोजत या. मधला कळीचा मुद्दा असा, की ओव्हनमधून काढलेली कोंबडी लगेच कापायची नसते. तिला पाऊण तास विसावा दिला तर आतला रस मांसात मुरतो आणि कापताना ताटात वाहून जात नाही. हाच पाऊण तास बटाट्यांना ओव्हन मिळवून देतो. पूर्ण आखणी या एका फटीवर उभी आहे.

दोन दिवस आधी : आंबटगोड सॉस करून फ्रीजमध्ये. पंख आणि मानेचे तुकडे भाजून स्टॉक (हाडं उकळून काढलेलं पाणी) करून ठेवा. कोंबड्यांना मीठ चोळा (त्याबद्दल पुढे).

आदल्या दिवशी : स्टफिंगचं मिश्रण कालवून ठेवा, पण अंडं आणि स्टॉक दुसऱ्या दिवशीच घाला. भाज्या चिरून पिशवीत. भांडी आणि वाढण्याचे चमचे मोजून बाजूला काढा. हे काम क्षुल्लक वाटतं, पण साडेसातला मोठी थाळी शोधत बसण्यात जी दहा मिनिटं जातात, तेवढ्यात ग्रेव्ही खाली लागते.

त्या दिवशी :

४.३० – कोंबड्या फ्रीजमधून बाहेर. ओव्हन १९० अंशांवर तापायला लावा.
५.०० – कोंबड्या ओव्हनमध्ये, दोन्हींत किमान चार बोटं अंतर ठेवून. चिकटून ठेवल्या तर मधली बाजू भाजत नाही, नुसती उकडते.
५.३० – बटाटे सोलून, उकळून, निथळून पसरून ठेवा.
६.०० – ट्रे फिरवा, म्हणजे मागची बाजू पुढे येईल.
६.१५ – आधी एकदा वाफवून ठेवलेलं पुडिंग (जेवणानंतरचं गोड) पुन्हा वाफेवर चढवा. ते दोन तास एक शेगडी अडवणार.
६.४५ – कोंबडीचं तापमान तपासा. बटाट्यांचा रिकामा ट्रे तेल घालून ओव्हनमध्ये तापायला ठेवा.
७.०० – कोंबड्या बाहेर, वर फॉइल सैल टाकलेली. ओव्हन २२० अंशांवर. तापलेल्या तेलात बटाटे.
७.१० – भाजलेल्या ट्रेमधला रस घेऊन ग्रेव्ही.
७.२० – स्टफिंगचं भांडं ओव्हनमध्ये, खालच्या कप्प्यात.
७.४० – भाज्या. कोंबडी कापायला घ्या.
७.५५ – सगळं बाहेर. ताटल्या गरम पाण्यातून काढून पुसून घ्या. गार ताटली रोस्ट दोन मिनिटांत गार करते.

४५ मिनिटं प्रति किलो अधिक २० मिनिटं, हा कोंबडीचा हिशेब. २ किलोला १ तास ५० मिनिटं होतात. दोन कोंबड्या एकत्र असल्यामुळे १० मिनिटं जास्त धरली आहेत. वजन वेगळं असेल तर ओव्हनमध्ये घालायची वेळ तेवढी पुढे-मागे करा, बाहेर काढायची वेळ सातचीच ठेवा.

एक गोष्ट लक्षात असू द्या : भरलेला ओव्हन रिकाम्या ओव्हनसारखा भाजत नाही. गार भांडी आत गेली की तापमान खाली येतं आणि भाज्यांची वाफ आत कोंडते. बटाटे कुरकुरीत न होण्याचं हे मोठं कारण आहे. सातनंतर ओव्हनचं दार विनाकारण उघडू नका.

प्रश्न : दर वेळी तंगडी शिजेपर्यंत छातीचं मांस भुशासारखं कोरडं होतं. काय चुकतं?

तुमचं फारसं काही चुकत नाही, पक्ष्याची रचनाच तशी आहे. छातीच्या मांसात चरबी आणि स्नायुबंध कमी असतात, त्यामुळे ७५ अंशांच्या पुढे ते झपाट्याने पाणी सोडतं. तंगडीतले बंध मऊ व्हायला मात्र ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यात छाती वरच्या बाजूला, उष्णतेच्या समोर. म्हणजे जिला कमी आच हवी तिलाच जास्त मिळते.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र करता येतात.

पहिला, मीठ. एक किलोला १० ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे २ किलोच्या कोंबडीला २० ग्रॅम. ते सगळीकडे, आतल्या पोकळीतही चोळा आणि कोंबडी एक ते दोन दिवस फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, ताटलीत, न झाकता ठेवा. आधी मीठ पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी मांसात परत शिरतं. मिठाने प्रथिनं थोडी सैल होतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात. न झाकल्यामुळे वरची कातडी सुकते आणि सुकलेली कातडीच सोनेरी भाजते. मात्र पाकिटावर मिठाचं पाणी टोचलं असल्याचं लिहिलेलं असेल तर पुन्हा मीठ लावू नका, खारट होईल.

दुसरा, फॉइल. छातीवर पहिला एक तास फॉइल ठेवा, मग काढा. शेवटी लावून उपयोग नाही, तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

तिसरा आणि आमच्या मते सर्वांत भरवशाचा : पाठीचा कणा काढून कोंबडी चपटी करणं. स्वयंपाकाच्या मजबूत कात्रीने कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापा, कोंबडी उलटून छातीच्या हाडावर तळहाताने जोर द्या, 'कट्' असा आवाज आला की ती सपाट बसते. आता तंगड्या कडेला उघड्या पडतात, छातीइतकीच आच त्यांना मिळते. अशी २ किलोची कोंबडी २२० अंशांवर ४५ ते ५५ मिनिटांत होते, चपटी केलेली ५ किलोची टर्कीसुद्धा दीड तासाच्या आसपास होते. काढलेला कणा स्टॉकमध्ये टाका. तोटा एकच : टेबलावर अख्खा पक्षी मांडण्याचा थाट राहत नाही. या पद्धतीने करणार असाल तर वरच्या वेळापत्रकात ५ ऐवजी ६ वाजता सुरुवात करा, आणि फॉइलची गरज नाही.

शिजलं की नाही हे थर्मामीटरने पाहा. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, किमान ७४ अंश हवेत. छातीतही तेवढेच. हाडाला टोक लागलं तर आकडा फसवा येतो. 'रस स्वच्छ आला म्हणजे शिजलं' ही खूण भरवशाची नाही. उलट, लहान वयाच्या कोंबडीत हाडालगतचं मांस पूर्ण शिजूनही गुलाबी दिसतं, कारण हाडातल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो. रंग पाहून आणखी अर्धा तास भाजत बसलात तर पुन्हा भुसाच होईल.

प्रश्न : २४ तारखेला सकाळी लक्षात आलं की ५ किलोची टर्की अजून फ्रीझरमध्येच आहे, तर काय करायचं? ओट्यावर ठेवून चालेल?

ओट्यावर नाही. आत बर्फ असतानाच बाहेरचा थर ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात तासन् तास राहतो, आणि जिवाणू वाढतात ते याच पट्ट्यात. गरम पाण्यातही नाही, कारण तेच.

फ्रीजमध्ये दर दोन ते सव्वादोन किलोला २४ तास लागतात, म्हणजे ५ किलोला सव्वादोन ते अडीच दिवस. तेवढा वेळ नसेल तर गार पाणी : टर्की गळती नसलेल्या पिशवीत घट्ट बांधा, पूर्ण बुडवा, दर अर्ध्या तासाला पाणी बदला. किलोला साधारण एक तास सहा मिनिटं, एकूण साडेपाच तास. पाणी बदलणं टाळू नका, कारण बर्फाभोवतीचं पाणी अगदी गार झालं की वितळणं मंदावतं आणि तसंच सोडून दिलं तर उलट कोमट होत जातं. पाण्यात वितळवलेली टर्की लगेच शिजवा, पुन्हा फ्रीझरमध्ये कच्ची ठेवू नका. जेवण २५ला असेल तर २५ला सकाळी लवकर पाण्यात घाला आणि सरळ ओव्हनमध्ये न्या.

तेही जमलं नाही तर गोठलेलीच १६५ अंशांवर भाजता येते. वेळ दीडपट लागतो, तीन तासांच्या जागी साडेचार. स्टफिंग भरायचं नाही. भाजताना आतला बर्फ सुटला की पोकळीतली काळीज-पेट्याची पिशवी चिमट्याने काढून घ्या.

आणि पक्षी धुऊ नका. धुण्याने जिवाणू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकभर आणि शेजारच्या सॅलडवर पसरतात. कागदी टॉवेलने टिपून घेतलं की पुरे.

प्रश्न : स्टफिंग पोटात भरूनच करायचं ना? मग ते वेगळं भाजायला का सांगतात?

भरलेलं स्टफिंग कच्च्या मांसाचा रस पितं, त्यामुळे त्याच्या मध्यभागीही ७४ अंश व्हायला हवेत. पण तो भाग सर्वांत शेवटी तापतो. तिथे ७४ होईपर्यंत छाती ८५वर गेलेली असते. वेगळं भाजलेलं स्टफिंग वरून खरपूस, आतून मऊ होतं. पोकळीत त्याऐवजी अर्धं लिंबू, अर्धा कांदा आणि थाइम या सुगंधी पाल्याच्या दोन काड्या ठेवा.

दहा जणांसाठी : ३०० ग्रॅम शिळ्या ब्रेडचे तुकडे, ७५ ग्रॅम लोण्यात मऊ परतलेले २ मोठे कांदे आणि सेलरीचे २ दांडे, सेज आणि थाइम मिळून २ मोठे चमचे चिरलेली पानं, १ अंडं, २५० ते ३०० मिली स्टॉक. ब्रेड ताजा असेल तर १५० अंशांवर १५ मिनिटं सुकवून घ्या, नाहीतर लगदा होतो. स्टॉक एकदम ओतू नका : मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. २२० अंशांवर अर्धा तास, पहिली २० मिनिटं झाकून.

प्रश्न : बटाटे बाहेरून कुरकुरीत होत नाहीत. तेल वाढवून पाहिलं, तरी नाही.

तेल हे कारण नाही. कुरकुरीतपणा बटाट्याच्या खडबडीत पृष्ठभागातून येतो. २ किलो पिठूळ बटाटे अंड्याएवढ्या तुकड्यांत कापा. नवे, मेणचट बटाटे कितीही भाजले तरी तसे होत नाहीत. चांगल्या खारट पाण्यात, दर २ लिटरला अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून, उकळी आल्यापासून ८ ते १० मिनिटं शिजवा. सोड्याने कडा विरघळू लागतात. निथळून पातेल्यात परत घाला, झाकण दाबून चार-पाच वेळा जोरात हलवा. बाहेरून पिठासारखा थर दिसायला हवा. मग ताटात पसरून वाफ पूर्ण जाऊ द्या. ओले बटाटे तेलात घालणं हीच खरी चूक असते, कारण ओव्हनची निम्मी उष्णता मग पाणी उडवण्यात जाते.

२ किलोला १०० ते १२० मिली तेल, ट्रेमध्ये आधी १० ते १५ मिनिटं तापवलेलं. बटाटा टाकला की चुर्र आवाज यायला हवा. एकमेकांना चिकटू देऊ नका, लागले तर दोन ट्रे घ्या आणि मध्ये जागा बदला. २२० अंशांवर ५० मिनिटं, २५ मिनिटांनी एकदाच उलटायचे. त्याआधी ढवळलं तर तयार होत असलेला पापुद्रा ट्रेला चिकटून राहतो. तयार झाल्यावर झाकू नका.

प्रश्न : ग्रेव्ही कधी गुठळ्यांची, कधी तेलकट, कधी पाणीदार. प्रमाण काय?

एक लिटर स्टॉकला ६० ग्रॅम चरबी आणि ६० ते ७० ग्रॅम मैदा. हे तीन आकडे पाळले तर तुमच्या तिन्ही अडचणी मिटतात.

भाजलेल्या ट्रेमधला सगळा ऐवज उंच भांड्यात ओता, पाच मिनिटं थांबा. चरबी वर येते. त्यातली ६० ग्रॅम, म्हणजे ४ मोठे चमचे, ट्रेमध्ये परत घ्या, जास्तीची काढून ठेवा. तेलकटपणा येतो तो इथे मोजमाप न केल्यामुळे : मैदा जेवढी चरबी धरू शकतो त्याहून जास्त झाली की ती वर तरंगते. आता मैदा घालून मध्यम आचेवर २ ते ३ मिनिटं, बदामी रंग येईपर्यंत परता. कच्चा राहिला तर ग्रेव्हीला पिठाची चव येते, जास्त काळा केला तर घट्टपणा कमी होतो. मग गरम स्टॉक घाला, पण पहिल्यांदा फक्त १०० मिली, आणि विस्कने घोटून पेस्ट करा. नंतर आणखी १०० मिली, मग उरलेला. एकदम ओतलं की मैद्याचा बाहेरचा थर फुगून आतला कोरडा मैदा कोंडला जातो, गुठळी म्हणजे तेच. ट्रेच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर लाकडी चमच्याने खरवडून सोडवा, खरी चव त्यात आहे. चरबीखालचा रसही घाला, १० मिनिटं हलकं उकळा, गाळून घ्या.

मीठ सर्वांत शेवटी. कोंबडीला आधी मीठ लावलेलं असल्यामुळे तो रस खारट असतो. पातळ वाटली तर आणखी उकळा. घाई असेल तर १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर २ चमचे गार पाण्यात कालवून घाला. कोरडा मैदा भुरभुरू नका.

प्रश्न : दहांपैकी तिघं शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी नुसत्या भाज्या ठेवणं बरं वाटत नाही.

बरोबर आहे, त्यांच्याही ताटात मध्यभागी काहीतरी ठाशीव हवं. सुक्यामेव्याचा रोस्ट त्यासाठी चांगला, शिवाय आदल्या दिवशी करता येतो. एक किलोच्या ब्रेडच्या टिनसाठी : २५० ग्रॅम मिश्र सुकामेवा (भाजून भरड चिरलेला, पूड नको), २५० ग्रॅम मशरूम, १ मोठा कांदा, २ लसूण पाकळ्या, १०० ग्रॅम ताजा ब्रेडचा चुरा, १०० ग्रॅम किसलेलं चीज, २ अंडी, थाइम, मिरपूड, मीठ. अंडी चालत नसतील तर १५० ग्रॅम शिजवून कुस्करलेली मसूर आणि ६ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवलेले २ मोठे चमचे जवसाची पूड.

मशरूम बारीक चिरून मोठ्या आचेवर, सगळं पाणी आटून कढईत तडतड आवाज येईपर्यंत परता. हे पाणी राहिलं तर रोस्ट कापताना ढासळतो. टिनला कागद लावा, मिश्रण दाबून भरा, मध्ये पोकळी ठेवू नका. १८० अंशांवर ३० मिनिटं झाकून, १५ ते २० मिनिटं उघडं. टिनमध्येच १५ मिनिटं थांबून मग उलटा. आदल्या दिवशी केलेला गार असताना सुरेख कापला जातो. काप फॉइलमध्ये गुंडाळून साडेसातला ओव्हनमध्ये ठेवले की आठला तयार.

आता लपलेल्या गोष्टी. बटाट्यांना जनावराची चरबी नको, तेल वापरा. स्टफिंगला भाज्यांचा स्टॉक. शाकाहाऱ्यांची ग्रेव्ही वेगळ्या भांड्यात, सुक्या मशरूमच्या पाण्यात : २० ग्रॅम मशरूम अर्धा लिटर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी गाळून घ्या, तळाची माती येऊ देऊ नका. वूस्टरशर सॉसमध्ये बहुधा अँचोव्ही मासे असतात. पारंपरिक पुडिंगमध्ये आणि मिन्समीटमध्ये (पायमध्ये भरायचं सुक्या फळांचं गोड मिश्रण) सुएट म्हणजे गुरांची चरबी असते. त्याऐवजी लोणी फ्रीझरमध्ये घट्ट करून तेवढ्याच वजनाचं किसून घाला. काही चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, पाकीट वाचा. आणि वाढायचा चमचा वेगळा ठेवा, शाकाहारी पाहुणे मागत नाहीत पण पाहत असतात.

प्रश्न : ब्रसेल्स स्प्राउट्सना उग्र वास येतो.

जास्त शिजतात म्हणून. कोबीच्या कुळातल्या भाज्यांमधली गंधकयुक्त द्रव्यं शिजवण्याचा वेळ वाढेल तशी बाहेर पडतात. अर्धे कापा, उकळत्या पाण्यात ३ मिनिटं, निथळा, मग गरम तव्यावर कापलेली बाजू खाली ठेवून लोण्यात लाल करा. देठाला फुलीचा छेद द्यायची गरज नाही, त्याने फक्त पाणी आत शिरतं.

प्रश्न : लाल कोबी शिजवला की निळसर का होतो?

त्यातलं रंगद्रव्य आम्लात लाल आणि अल्कलीत निळं दिसतं, आणि जड पाणी थोडं अल्कलीयुक्त असतं. अर्ध्या किलोला २ मोठे चमचे व्हिनेगर सुरुवातीलाच घाला. निळा झालेलाही व्हिनेगर घातल्यावर बराचसा परत लाल होतो.

प्रश्न : फ्रूट केकमधली फळं तळाशी बसली आणि वरून मध्येच मोठी भेग पडली. शिवाय आता आठवडाच राहिलाय. पुन्हा करावा का?

करा. दारू पाजून दोन महिने मुरवलेल्या केकच्या चवीची खोली येणार नाही, पण आठवड्याचा केकही चांगला लागतो.

फळं बसण्याची कारणं : फळं ओली राहिली, मिश्रण पातळ झालं, किंवा लोणी-साखर गरजेपेक्षा जास्त फेटून ते फार हलकं झालं. भेग पडते ती ओव्हन जास्त गरम असल्याने. वरचा थर आधी घट्ट होतो आणि आतलं मिश्रण नंतर फुगून तो फोडतं.

२० सेंटिमीटरच्या गोल टिनला ८०० ग्रॅम सुकी फळं, २२५ ग्रॅम लोणी, २२५ ग्रॅम गडद साखर, २२५ ग्रॅम मैदा, ४ अंडी, २ छोटे चमचे मिश्र मसाला. फळं भिजवायला वेळ नाही, तर १५० मिली संत्र्याच्या रसात मंद आचेवर रस आटेपर्यंत १० मिनिटं गरम करा आणि पूर्ण गार होऊ द्या. मैद्यातला एक मूठ मैदा फळांना चोळून घ्या. अंडी खोलीच्या तापमानाची, एकेक करून घाला. गार अंड्यांनी मिश्रण फाटतं.

टिनला आतून दोन पदरी कागद, बाहेरून दोन पदरी तपकिरी कागद दोऱ्याने बांधा. भाजणीला तीन तासांहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात कडा करपू नयेत म्हणून. मिश्रणाच्या मध्यभागी चमच्याने खळगा करा, म्हणजे केक सपाट होतो. १५० अंशांवर ३ ते साडेतीन तास. पावणेतीन तासांपासून सुई घालून पाहा. वरचा रंग लवकर गडद होऊ लागला तर कागद झाका.

संत्र्याच्या रसातला केक घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि ७ ते १० दिवसांत संपवा. दारू घातलेल्या केकसारखा तो बाहेर टिकत नाही.

प्रश्न : पुडिंगमध्ये पाणी शिरलं आणि ते वरून लगद्यासारखं झालं. वाफवताना काय काळजी घ्यावी?

भांडं काठापर्यंत भरू नका, वर दोन बोटं जागा ठेवा, पुडिंग फुगतं. कागद आणि फॉइल एकत्र धरून मध्ये एक घडी घाला, म्हणजे फुगायला वाव राहतो. घडी नसेल तर कागद फाटतो आणि पाणी आत जातं. काठाखाली दोरा दोनदा गुंडाळून घट्ट बांधा. पाणी भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंतच, हलकं उकळतं. खळाखळा उकळलं तर शिंतोडे वर जातात. कमी झालं की उकळतं पाणीच घाला. गार घातलं तर वाफ थांबते.

एक लिटरच्या भांड्याला पहिल्यांदा ६ ते ८ तास, त्या दिवशी पुन्हा दोन तास. पहिली वाफ आधीच देऊन ठेवा. कागद बदलायला विसरू नका.

ब्रँडी पेटवणार असाल तर ३ ते ४ मोठे चमचे छोट्या भांड्यात कोमट करा, गॅसपासून दूर नेऊन पेटवा, मग पुडिंगवर ओता. बाटलीतून थेट ओतू नका, ज्योत बाटलीत शिरू शकते. आणि ज्यांना मद्य चालत नाही त्यांना 'सगळं जळून गेलं' असं सांगून वाढू नका : पेटवल्यानंतरही त्यातलं बहुतांश अल्कोहोल तसंच राहतं. त्यांच्यासाठी पेटवण्याआधीच काप बाजूला काढा.

प्रश्न : कस्टर्ड फाटलं. पाहुणे टेबलावर बसलेत.

लगेच गार भांड्यात ओता, १ मोठा चमचा गार दूध घालून ब्लेंडरमधून २० सेकंद फिरवा आणि गाळा. थोडंसंच फाटलं असेल तर सावरतं. अंड्याचं पिवळं ८० ते ८२ अंशांना दाट होतं आणि ८५च्या पुढे गोठतं, म्हणजे हातात चार अंशांचीच मोकळीक असते. पुढच्या वेळी अर्धा लिटर दुधाला ४ बलक, ६० ग्रॅम साखर आणि त्यातच २ छोटे चमचे कॉर्नफ्लोअर घाला. स्टार्चमुळे बलक इतक्या सहज गोठत नाहीत आणि उकळीच्या जवळ नेलं तरी चालतं.

प्रश्न : उरलेलं किती दिवस चालतं?

घड्याळ जेवण वाढल्यापासून मोजा, आवरायला घेतल्यापासून नाही. दोन तासांच्या आत मांस हाडांवरून सोडवून, उथळ डब्यांत पसरून फ्रीजमध्ये जायला हवं. अख्खा सांगाडा तसाच ठेवला तर मध्यभाग गार व्हायला फार वेळ लागतो. स्टफिंग वेगळ्या डब्यात. ३ ते ४ दिवसांत संपवा किंवा पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, तिथे दोन-तीन महिने चव टिकते. गरम करताना लागेल तेवढंच काढा, ७४ अंशांपर्यंत तापवा, आणि ग्रेव्हीला पुन्हा खळखळून उकळी येऊ द्या.

कापलेलं मांस ओव्हनमध्ये उघडं तापवलं तर चामट होतं. काप भांड्यात लावा, ३-४ चमचे स्टॉक शिंपडा, झाकून १६० अंशांवर १५ ते २० मिनिटं. सांगाडे अडीच लिटर पाणी, एक कांदा आणि एक गाजर घालून दोन ते तीन तास मंद उकळा. त्या रात्री अंगात त्राण नसेल तर हाडं पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका, स्टॉक पुढच्या आठवड्यात केला तरी चालतो.